लेओंसची तीन पिंपं

सां-फोर्तुने गावात येऊन लेओंस कास्तेरा कुठं राहतो असं विचारलंत, तर लोक जरा डोकं खाजवतील. तीन पिंपवाला कुठं राहतो असं विचारा. लगेच घर दाखवतील, वर अंगठा ओठांशी नेऊन पेला रिकामा केल्याची खूणही करतील. लेओंस एकसष्ट वर्षांचा झाला, आयुष्यात कधी झिंगून रस्त्यात पडला नाही, पण हे नाव त्याला पंचविसाव्या वर्षी चिकटलं ते कातडीसारखं. पावाच्या दुकानातली बाई त्याला उरलेले सुटे पैसे देताना अजून म्हणते, "जपून हो लेओंस, वाटेत कॅफे लागतं."

तो मोंब्राकच्या कोठाराचा प्रमुख. मोंब्राक म्हणजे टेकडीवरची ती दोन मनोऱ्यांची हवेली आणि तिच्या पायाशी पसरलेला खड्याखड्यांच्या जमिनीतला द्राक्षमळा. तिची बाटली न्यूयॉर्कात फोडतात तेव्हा म्हणे आधी फोटो काढतात. मालक लाबोर्दरी. पिढ्या सहा, तसबिरी सहा, सगळ्या जेवणघरात ओळीनं टांगलेल्या.

पाहुण्यांना सांगितलं जातं की पहिला लाबोर्दरी, एतियेन, राजाच्या आरमारात होता. आरमारात नव्हे, बंदरात होता, खारवलेल्या माशांच्या धंद्यात. राज्यक्रांतीत मोंब्राकच्या जुन्या मालकाचं डोकं पॅरिसमध्ये उडालं, हवेली लिलावात निघाली आणि एतियेननं ती घेतली. हवेलीच्या दिवाणखान्याला तीस वर्षं माशांचा वास येत होता असं आमच्या आज्या सांगत. त्याची सून विधवा युलाली. खरा मळा तिनं उभा केला. तसबिरीत ती कोवळी गोरीपान दिसते, कारण चित्रकाराला मिशी वगळायचे वेगळे पैसे मिळाले होते. पुढं मुळं खाणारी कीड आली, सगळा मुलूख उजाड झाला, तेव्हा तिसऱ्यानं अमेरिकन खुंटांवर कलमं बांधून मळा पुन्हा लावला, आणि त्या आनंदात मजुरांच्या झोपड्यांतून इतका हिंडला की गावातली निम्मी नाकं आजही तसबिरीतल्या नाकासारखी आहेत. कोणाची ते इथं लिहीत नाही. त्यांनी आरशात बघावं.

आणि या प्रत्येक तसबिरीच्या खाली, कोठारात, एक कास्तेरा होता. हातात झारी घेऊन.

पिंप पितं. ओकच्या नव्या लाकडाच्या पिंपात वाइन भरली की पहिलं वर्षभर लाकूड थोडी शोषतं, थोडी हवेत उडते, वर बोटभर पोकळी होते. त्या पोकळीत हवा शिरली की वाइन आंबली. म्हणून सोमवार, बुधवार, शुक्रवार बूच काढायचं आणि झारीनं तूट भरायची, अगदी बुचाला टेकेपर्यंत. भरायची ती त्याच वर्षाची, त्याच मळ्याची, त्यासाठी मुद्दाम बाजूला काढून ठेवलेल्या चार-सहा पिंपांतली. दुसरी कुठलीही चालत नाही. लेओंसच्या आज्यानं हे त्याच्या बापाला कान पिळून शिकवलं, बापानं लेओंसला, आणि लेओंसनं जोझियानला, म्हणजे त्याच्या एकुलत्या एक लेकीला.

पोरीला कोठारात घेतली तेव्हा गावात केवढा गहजब झाला! बाईचा पाय लागला की वाइन फिरते, असं मानणाऱ्या म्हाताऱ्या तेव्हा जिवंत होत्या. लेओंस म्हणाला, "फिरली तर मी पिऊन टाकीन." लोक म्हणाले, याचा काय भरवसा, टाकेलही. जोझियान तेव्हा चौदा वर्षांची होती, आता चौतीसची. लग्न केलं नाही. शेतकी शाळेत दोन हिवाळे काढून आली. तिचं नाक असं की एकाच दिवशी, एकाच मळ्यातून भरलेली दोन पिंपं तिला सारखी वाटत नसत. बापानंतर कोठाराच्या किल्ल्या तिच्याकडं जाणार हे ती गृहीत धरून होती, आणि लेओंस तर इतका निर्धास्त होता की तो विषयच काढत नसे.

यंदा लाबोर्दरींनी मोंब्राक घेतल्याला दोनशे वर्षं झाली. घराण्याचा इतिहास लिहायला बोर्दोहून मादाम व्हिलदियू नावाच्या बाई आल्या. पायात पांढरे बूट घालून त्या चिखलातून हिंडल्या, सगळ्यांना प्रश्न विचारले आणि शेवटी कोठारात लेओंसपाशी आल्या.

"मोस्यू कास्तेरा, एकोणीसशे एकसष्टच्या वाइनबद्दल सांगा ना! तुम्ही तर तेव्हा इथंच होतात."

"होतो." लेओंस बूच पुसत म्हणाला. "त्या साली फुलोऱ्यात थंडी पडली. दरवर्षी तीनशे पिंपं व्हायची, तिथं जेमतेम पाऊणशे झाली."

"आणि काय झाली! मोस्यू गोंत्राँनी काल मला चाखायला दिली. जगात अशा चाळीसच बाटल्या उरल्यात म्हणे. आधी खड्यांची ऊब, आणि शेवटी... शेवटी नदीवरच्या धुक्यासारखा एक ओला गारवा. मोस्यू गोंत्राँ म्हणाले, हा आमच्या टेकडीचा श्वास."

लेओंसला ठसका लागला. पलीकडं पिंपं धुणारी जोझियान ओरडली, "पापा, पाणी पी!"

"टेकडीचाच," लेओंस म्हणाला. "दुसऱ्या कोणाचा असणार."

बाईंनी वही मिटली. "तुमच्याबद्दल एक परिच्छेद आहे हं. आणि शेवटच्या पानावर नव्या प्रमुखांचा फोटो. मोस्यू थिबो. किती तरुण आहेत, आणि दोन दोन पदव्या! ते पान तर छापायलाही गेलं."

पिंप धुण्याचा आवाज थांबला.

आता लेओंस निर्धास्त का होता, ते सांगायला हवं. त्याला पस्तीस वर्षं मागं जावं लागतं.

एकसष्टच्या हंगामानंतरचा हिवाळा. लेओंसचा बाप शिडीवरून पडून कमरेचं हाड मोडून बिछान्यात, म्हणून पंचवीस वर्षांच्या एकट्या लेओंसकडं कोठार आलं. मालक म्हातारे मोस्यू आल्देबेर. करडा माणूस. रविवारी प्रार्थना आटोपली की चांदीच्या टोकाची काठी घेऊन कोठारात येत आणि प्रत्येक पिंपावर एक टोला देत. भरलेलं पिंप धप्प वाजतं, तुटीचं ठण्ण. ठण्ण वाजलं की पुढचा टोला कास्तेराच्या नडगीवर.

त्यांचा मुलगा गोंत्राँ, सत्तावीस वर्षांचा, लष्करातून नुकताच परतलेला. जानेवारीत गोंत्राँ लाल रंगाची दोन सीटांची मोटार घेऊन आला. आर्काशोंच्या मावशीनं दिली, असं घरी सांगितलं. त्याच आठवड्यात लेओंस झारी भरायला मागच्या खोलीत गेला तर तुटीसाठी ठेवलेली चारही पिंपं गायब. जमिनीवर त्यांचे चार ओले गोल तेवढे राहिलेले.

गोंत्राँ दारातच उभा होता.

"लेओंस, तू माझा मित्र आहेस की नाही?"

"मी तुमचा नोकर आहे, मोस्यू गोंत्राँ. पिंपं कुठं आहेत?"

"बोर्दोच्या धक्क्यावर. एका व्यापाऱ्याकडं. हे बघ, असं तोंड करू नकोस! चारच तर होती."

"चारच होती. बहात्तर पिंपांना वर्षभर पाजायला चारच होती. आता काय पाजू? पाणी?"

"पाप्पांना कळलं तर मला घरातून काढतील. खरंच काढतील. तू काहीतरी कर. तुम्हा कास्तेरांना सगळं येतं."

लेओंस दोन दिवस जेवला नाही. पिंपं पीत होती. त्यांना मालकाच्या भानगडींशी काय घेणं? शुक्रवारपर्यंत पोकळी दोन बोटं झाली. मोंब्राकची सगळ्यात थोडी आणि सगळ्यात चांगली वाइन डोळ्यांदेखत आंबायच्या वाटेवर लागली, आणि रविवार समोर होता.

नदीच्या काठाला गाळाची जमीन आहे. तिथं वेल नाही लावत, मका लावतात, गायी चारतात. तिथल्याच जमिनीत वेलांच्या चार ओळी लाबोर्दरींनी कास्तेरांना घरच्या पिण्यापुरत्या दिल्या होत्या. त्यातून वर्षाला तीन पिंपं निघत. जाड बुडाच्या पेल्यात ओतायची, सारासोबत प्यायची, पाहुण्यापुढं ठेवायची नाही, अशी वाइन. ती पिंपं त्यांच्याच छपरीत होती.

दुपारी बारा ते दोन मोंब्राकमध्ये चिटपाखरू नसतं. मालक जेवतात, मजूर जेवतात, कुत्री वाट बघतात. त्या वेळात लेओंस दुधाच्या दोन बरण्या हातगाडीवर घालून छपरीतून कोठारात नेऊ लागला. सोमवार, बुधवार, शुक्रवार. पहिल्या रविवारी म्हातारे आल्देबेर काठी घेऊन आले. धप्प. धप्प. धप्प. बहात्तर वेळा धप्प.

त्या संध्याकाळी गोंत्राँ त्याला आपल्या मोटारीपाशी घेऊन गेला आणि तिच्या लाल टपावर हात ठेवून म्हणाला, "लेओंस, ऐक. या कोठाराच्या किल्ल्या तुझ्या घरातून कधी बाहेर जाणार नाहीत. तुझ्यानंतर तुझं पोर. शब्द देतो. पण ही गोष्ट आपल्या दोघांत."

"आपल्या दोघांत," लेओंस म्हणाला.

घरात मात्र तिसरं माणूस होतं. आई, फिलोमेन. मार्चमध्ये तिनं पहिल्या पिंपावर बोटानं टकटक केलं, मेमध्ये दुसऱ्यावर.

"लेओंस! वाइन कुठं जाते रे?"

"पितो."

"कोण पितो?"

"मी."

"दीड पिंप? तुझा बाप तिथं हाड मोडून पडलाय, त्याला मी अर्धा पेला मोजून देते, आणि तू त्याचं वर्षाचं पिणं घशात ओतलंस?"

"तहान लागते."

आई रडली. मग शेजारी जाऊन रडली. शेजारीण दुकानात जाऊन हळहळली. ऑगस्टपर्यंत तिसरं पिंपही रिकामं झालं आणि सगळ्या गावाला कळलं. लेओंसचं लग्न पिंपं बनवणाऱ्या लाफुरकादच्या मुलीशी, आर्लेतशी ठरलं होतं. सासरा होऊ घातलेला तो माणूस भर चौकात ओरडला, "तीन पिंपं! एका हिवाळ्यात! अरे, माझा घोडा एवढं पाणी पीत नाही!" लग्न पुढं ढकललं. लेओंसला धर्मगुरूंपुढं गुडघे टेकून जेवणातल्या अर्ध्या पेल्यापलीकडं न पिण्याची शपथ घ्यावी लागली. जी गोष्ट केली नव्हती ती सोडायची शपथ. त्यानं घेतली, कारण आर्लेत त्याला हवी होती. पण तीन पिंपवाला हे नाव मात्र तेव्हाच गावानं त्याच्या नावावर करून टाकलं.

वाइन पुढं जगभर गाजली. म्हातारे आल्देबेर गेले, गोंत्राँ मालक झाला, आणि एकसष्ट साल कसं आपल्या वडिलांनी खड्यांतून काढलं ते टाय लावून सांगू लागला. लेओंस मागं ट्रे घेऊन उभा असे. त्याला त्या वाइनचा एक पेला कोणी दिला नाही. शपथ घेतलेल्या माणसाला कशाला मोहात पाडा, असं मालकीणबाई म्हणत.

तर मादाम व्हिलदियू छापायला गेलेल्या पानाची बातमी सांगून निघून गेल्या, त्याच्या दुसऱ्याच सकाळी लेओंस स्वच्छ सदरा घालून हवेलीच्या कचेरीत गेला.

"बस, लेओंस. नाही? बरं, उभा राहा." गोंत्राँ आता साठी ओलांडलेला, गुलाबी गालांचा, मागं केस वळवलेला.

"मोस्यू गोंत्राँ, त्या बाईंच्या पुस्तकात चूक झाली आहे. शेवटच्या पानावर."

"थिबो ना? मी तुला सांगणारच होतो. जोझियान गुणी मुलगी आहे, फारच गुणी. तिला आहे ते काम राहील. पण आता अमेरिकेचे लोक येतात, जपानचे येतात, त्यांना भिंतीवर चौकटीतली पदवी बघायची असते."

"तुम्ही शब्द दिला होता."

"सत्तावीस वर्षांचा होतो रे! त्या साली मी तीन मुलींनाही शब्द दिला होता."

"त्यांनी तुमच्यासाठी तीन पिंपं रिकामी केली नव्हती." लेओंस म्हणाला. "मग मी त्या बाईंना सांगतो. एकसष्टमध्ये काय आहे ते."

गोंत्राँ उठला, खिडकी लावली, पुन्हा बसला. घाईघाईत काही नाही.

"सांग. सगळं सांग. मुलानं बापाची चार पिंपं विकली, त्याला लोक काय म्हणतील? उडाणटप्पू होता. हसतील. आणि मग विचारतील, पिंपात नदीकाठचा गाळ कोणी ओतला? झारी कोणाच्या हातात होती, लेओंस?"

लेओंस दाराकडं वळला.

"त्या माणसाच्या मुलीला या मुलखात कोठाराची किल्ली कोण देईल? मोंब्राकमध्ये सोड, कुठंही? घरी जा. आर्लेतला माझा नमस्कार सांग."

लेओंस घरी आला. जेवायची वेळ झाली होती. आर्लेतनं लसणाचं सार वाढलं, त्याच्यापुढं नेहमीसारखा मोजून अर्धा पेला ठेवला आणि बाटली कपाटात टाकून कुलूप लावलं. किल्ली एप्रनच्या खिशात. पस्तीस वर्षांची सवय. थाळीत तळाला सार उरलं की त्यात वाइन ओतून थाळीच तोंडाला लावायची ही आमच्याकडची रीत. लेओंसच्या वाट्याला त्यासाठी चमचाभरच उरायची.

जोझियान हात धुऊन समोर बसली.

"थिबो मंगळवारी येतोय. मला म्हणाले, त्याला कोठार दाखव." ती सार ढवळत राहिली. "पापा, एक सांग. काल त्या बाई बोलल्या तेव्हा तू पांढरा पडलास. तोवर तुला खात्री होती. मालकांचा स्वभाव तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मग तुला खात्री कशाची होती?"

"शब्द होता त्यांचा."

"कशाबद्दल?"

लेओंसनं आधी खिडकीकडं पाहिलं, मग थाळीकडं, आणि मग सांगितलं. चार ओले गोल, दुधाच्या बरण्या, लाल मोटार, सगळं. इतकी वर्षं तोंडात धरलेली गोष्ट पाच मिनिटांत संपली. त्याला वाटलं, आता दोघी उठून आपल्या गळ्यात पडतील.

आर्लेत पहिल्यांदा बोलली. "म्हणजे तू प्यायला नव्हतास."

"नाही."

"एकही पिंप नाही?"

"थेंब नाही."

"माझ्या बापानं मरताना माझा हात धरला. म्हणाला, आर्लेत, वाइनचं कपाट बंद ठेव. आणि मी ठेवलं. तुला पाहुण्यांसमोर पेला मोजून दिला मी. पोरीच्या पहिल्या पवित्र भोजनाच्या दिवशीही. तू मला सांगितलं का नाहीस?"

"शब्द दिला होता."

"त्याला! आणि मला चर्चमध्ये काय दिलं होतंस, बटाटे?"

तिनं एप्रनच्या खिशातून कपाटाची किल्ली काढली, टेबलावर त्याच्यापुढं आदळली आणि मागच्या अंगणात निघून गेली. कोंबड्या फडफडल्याचा आवाज आला.

जोझियान हलली नव्हती. "आर्मिंदो आठवतो?"

"कोण?"

"पोर्तुगीज. मागच्या वसंतात. त्यानं दोन पिंपांची तूट एक वर्ष जुन्या वाइननं भरली. आपल्याच मळ्यातल्या, पापा. खड्यांतल्याच. तू मला काय सांगितलंस?"

लेओंस सार ढवळू लागला.

"म्हणालास, याला आजच्या आज काढ. पिंपात परकं ओतणारा माणूस पुन्हा कुठल्याही पिंपाजवळ उभा राहता कामा नये. मी काढला त्याला. बायको दारात उभी होती त्याची, पोट एवढं पुढं आलेलं. मला म्हणाला, मादमुआझेल, झारी रिकामी होती, पिंपं उघडी होती, मी काय करायला हवं होतं? मी त्याला तुझंच वाक्य ऐकवलं."

"माझी गोष्ट वेगळी होती गं. वाइन नासली असती."

"त्याचीही नासली असती. तू जेवायला गेला होतास."

"तुझ्यासाठी गप्प राहिलो मी एवढी वर्षं. तुला किल्ल्या मिळाव्यात म्हणून."

"बासष्टमध्ये मी जन्मले नव्हते!" जोझियानचा आवाज पहिल्यांदा चढला. मग ती इतकं हळू बोलली की लेओंसला पुढं वाकावं लागलं. "मला वाटायचं, तू मला कोठारात घेतलंस ते माझं नाक चांगलं म्हणून. सगळ्या म्हाताऱ्यांशी भांडलास ते त्यासाठीच."

"मग काय! तुझ्यासारखं नाक या मुलखात नाही."

"ते कोणाला माहीत? तुला तरी माहीत आहे का? माझी जागा तर आधीच भरून ठेवली होती ना तू. मी बहिरी, आंधळी, नकटी निघाले असते तरी किल्ल्या मलाच."

यावर लेओंसकडं उत्तर होतं. तीनशे पिंपांपैकी कुठल्या पिंपाजवळ ती कधी थांबली, काय म्हणाली आणि कशी बरोबर ठरली, हे त्याला साल-वारानिशी सांगता आलं असतं. पण त्याच्या घशातून एवढंच आलं, "सार थंड होतंय."

त्याच शुक्रवारी मात्र एक अजब झालं. गोंत्राँ लाबोर्दरी स्वतः कास्तेरांच्या घरी आला. सहा पिढ्यांत एकाही लाबोर्दरीनं तो उंबरठा ओलांडला नव्हता; तिसऱ्यानं ओलांडला असेल, पण तो मागच्या दारानं. गल्लीतले सगळे पडदे एकदम हलले.

झालं होतं असं की मादाम व्हिलदियूंनी त्याला गमतीनं सांगितलं, तुमचे मोस्यू कास्तेरा काल विचारत होते, छापलेल्या पुस्तकात दुरुस्ती करता येते का. लेओंसनं विचारलं होतं ते जोझियानच्या फोटोसाठी. गोंत्राँनं ऐकलं ते वेगळंच. एकसष्टच्या उरलेल्या चाळीस बाटल्या दोनशेव्या वर्षाच्या जेवणानंतर लंडनच्या लिलावात जायच्या होत्या. कचेरीत बसून झारी कोणाच्या हातात होती विचारणं सोपं होतं. नंतर तीन रात्री त्याला काही झोप लागली नसावी, कारण डोळ्यांखाली पिशव्या आल्या होत्या.

आर्लेतनं कॉफी दिली. गोंत्राँनं खिशातून किल्ल्यांचा जुना लोखंडी जुडगा काढून टेबलावर ठेवला.

"मी विचार केला. थिबोला प्रयोगशाळेत ठेवू. कोठार जोझियानकडं. शब्द म्हणजे शब्द. काय लेओंस?"

लेओंसनं जोझियानकडं पाहिलं. आता ती हात पुढं करेल, आणि त्या हातानं मधल्या सगळ्या वर्षांचं सोनं होईल. आईचं रडणं, चौकातला घोडा, पावाच्या दुकानातली बाई, सगळं.

जोझियाननं किल्ल्यांना हात लावला नाही.

"मोस्यू गोंत्राँ, या मला का देताय?"

"का म्हणजे? तू... तू लायक आहेस."

"सोमवारी नव्हते."

"जोझियान," लेओंस पुटपुटला, "घे. घे गं पोरी."

"बावीस नंबरच्या पिंपात काय आहे, मोस्यू? या वर्षीच्या."

गोंत्राँ हसला. "मला कसं माहीत असणार? ते तुम्हा लोकांचं काम."

"तेच. मी लायक आहे की नाही हे तुम्हाला माहीत नाही. तुम्हाला एवढंच माहीत आहे की पापाचं तोंड बंद राहायला हवं. ते राहील. त्यासाठी किल्ल्या लागत नाहीत, तसंही पस्तीस वर्षं फुकट राहिलं होतं." ती उठली. "नदीपलीकडं ब्लायच्या बाजूला सहकारी कोठारात माणूस हवाय. स्वस्त वाइन, पत्र्याची टाकी, दोनशे शेतकऱ्यांची द्राक्षं एकत्र. मी काल जाऊन आले. त्यांनी सात पेले समोर ठेवले आणि विचारलं, सांगा यात काय बिघडलंय. मी सांगितलं. सोमवारी रुजू होते."

"पलीकडं?" लेओंस म्हणाला. "त्या पत्र्याच्या डब्यात? तू?"

"हो, पापा. तिथं मला कोणी ओळखत नाही."

ती आत गेली. खोलीतून कपाट उघडल्याचा, खालच्या फळीवरची बॅग ओढल्याचा आवाज आला. आर्लेतही तिच्यामागं गेली, आणि लेओंसला दिसलं की ती लेकीला अडवायला गेली नव्हती. घड्या घालायला गेली होती.

गोंत्राँचा चेहरा बघण्यासारखा होता. आधी गोंधळला, मग हळूहळू गालांवर गुलाबी रंग परत आला. त्यानं कॉफी संपवली. साखर तळाशी राहिली होती तीही चमच्यानं खाल्ली. मग किल्ल्यांचा जुडगा उचलला, जरा तोलला आणि पुन्हा खिशात टाकला.

"पोरी ऐकत नाहीत हल्ली," तो दारात म्हणाला. "पण मी शब्द पाळला नाही असं तुला म्हणता येणार नाही, लेओंस."

पडद्यांआडून निम्मं गाव बघत होतं. लेओंसनं टोपी काढली.

"नाही, मोस्यू गोंत्राँ. तसं म्हणता येणार नाही."

गल्ली अरुंद आहे, आणि गोंत्राँला मोटार मागं घेणं कधीच धड जमलं नाही. तो दोनदा कुंपणाला घासला, तिसऱ्यांदा त्यानं काच खाली करून मान बाहेर काढली. लेओंस टोपी डोक्यावर घालून पुढं झाला, मोटारीच्या मागं जाऊन उभा राहिला आणि हातांनी दाखवू लागला. डावीकडं, मोस्यू गोंत्राँ. अजून थोडं. अजून. या, या. सरळ या.